हालचाल म्हणजे माणूस नव्हे

शाळांच्या विज्ञान-प्रदर्शनात एक उपकरण हल्ली हमखास पाहावयास मिळते. पुठ्ठ्याच्या घरात हात फिरवला की दिवा लागतो, हात काढला की थोड्या वेळाने मालवतो. पाहणारे माना डोलावतात. माझे म्हणणे असे, की परीक्षकांनी येथे न थांबता एवढेच सांगावे : "आता हात आत तसाच स्थिर ठेव पाहू!"

बहुधा दिवा मालवेल. कारण त्यातील सेन्सर, म्हणजे संवेदक, माणूस ओळखतच नाही. आपल्या त्वचेचे तापमान साधारण ३३-३४ अंश सेल्सिअस असते आणि तिच्यातून सुमारे ९.५ मायक्रोमीटर तरंगलांबीच्या आसपास सर्वांत जास्त अवरक्त किरण बाहेर पडतात. संवेदकात अशा किरणांनी तापताच विद्युतभार निर्माण करणाऱ्या स्फटिकाचे दोन तुकडे एकमेकांच्या उलट जोडलेले असतात. दोहोंवर सारखे किरण पडले, तर परिणाम शून्य. माणूस चालू लागला, की त्याची उष्णता भिंगातून आधी एका तुकड्यावर, मग दुसऱ्यावर पडते आणि संकेत मिळतो. (हे भिंग पॉलिथीनचे असते, कारण साधी काच हे किरण अडवते.) माणूस स्तब्ध बसला, की बदल संपला आणि संकेतही संपला. म्हणजे दहावीचा विद्यार्थी जितका मन लावून वाचील, तितका लवकर तो अंधारात बसेल!

आणखी एक अडचण आपल्याकडची. मे महिन्यात विदर्भात घराच्या भिंतीच ३४-३५ अंशांपर्यंत तापल्या, तर भिंत आणि माणूस यांत फरक उरतो कोठे? मग चालता माणूसही या संवेदकाला नीट दिसत नाही.

यावर उपाय म्हणून आता छोटे रडार मिळते. ते २४ किंवा ६० गिगाहर्ट्झच्या लहरी सोडते. त्यांची लांबी अनुक्रमे साडेबारा आणि ५ मिलिमीटर. श्वासाबरोबर छाती काही मिलिमीटर वरखाली होते, तेवढ्याने परतणाऱ्या लहरीत ओळखू येईल असा फरक पडतो. त्यामुळे झोपलेला माणूसही कळतो. पण छताचा पंखा, वाऱ्याने हलणारा पडदा, लाकडी पातळ भिंतीपलीकडे वावरणारी आजी, हे सारेही त्याला कळते. शिवाय रडार आणि त्यासोबतचा छोटा संगणक मिळून साधारण १ वॅट वीज अहोरात्र घेतात. दिवसाचे २४ वॅट-तास झाले. ९ वॅटचा दिवा तेवढ्यात अडीच तासांहून अधिक जळतो. वीज वाचवायला निघालेल्याने हा हिशेब आधी करावा.

कोणी म्हणेल, कार्बन डायऑक्साइड मोजा. शांत बसलेला माणूस तासाला सुमारे २० लिटर वायू सोडतो. २७ घनमीटरच्या बंद खोलीत दहा मिनिटांत प्रमाण दशलक्ष भागांत सव्वाशेने वाढेल, म्हणजे दिवा लागेपर्यंत माणूस काम उरकून गेलेला असेल. वर्गातील हवा किती कोंदट झाली हे पाहण्यास मात्र हे साधन उत्तम.

तेव्हा 'सर्वांत चांगला संवेदक कोणता?' हा प्रश्नच मला चुकीचा वाटतो. चूक झाली तर ती कोणाला भोवेल, हे आधी विचारावे. जिन्यात दिवा उगाच लागला, तर पैशाचेही नुकसान नाही. तेथे स्वस्त अवरक्त संवेदक पुरे. अभ्यासाच्या टेबलाशी भिंतीवरचे साधे बटण अजूनही सर्वांत शहाणे आहे. तान्हे मूल झोपलेल्या खोलीतील पंखा तर कोणत्याही संवेदकाच्या हाती देऊ नये. कॅमेरा घरात मला अजिबात नको. दिवा लावण्यासाठी चेहरा कशाला हवा? घर केव्हा रिकामे असते याची नोंद घराबाहेर जाता कामा नये, हे साध्या संवेदकांनाही लागू आहे.

खरी कसोटी न्हाणीघरात लागते. ओल्या फरशीवर आजोबा उभे असताना दिवा गेला, तर हाड मोडू शकते. येथे दोन साध्या संवेदकांची जोडी महागड्या रडारलाही भारी ठरते. एक अवरक्त, दुसरा दाराला लावलेला लोहचुंबक आणि चौकटीतली त्याची कळ. तंत्रज्ञ या युक्तीला खोक्यातली गांधीलमाशी म्हणतात. झाकण लावल्यावर एकदा जरी गुणगुण ऐकू आली, तरी झाकण उघडेपर्यंत माशी आतच असणार! तसेच, दार लागल्यानंतर एकदा हालचाल दिसली, की दार उघडेपर्यंत दिवा चालू ठेवायचा, मग आतला माणूस कितीही स्तब्ध असो. दार लागल्यावर मिनिटभर काहीच हलले नाही, तर खोली रिकामी समजावी. अट एकच : दार पूर्ण लागले पाहिजे. ते नुसते लोटून घेण्याची सवय असलेल्या घरात आधी कडी दुरुस्त करावी लागेल.