इंजिन उघडल्याशिवाय सही करू नका



जुना ट्रॅक्टर निळा धूर ओकू लागला की दोन सल्लागार न बोलावता दारात येतात. एक म्हणतो, "इंजिन बसलं. यात आता पैसा घालू नका, एक्स्चेंजमध्ये द्या आणि नवा घ्या." दुसरा म्हणतो, "भंगारवाल्याकडं याच मॉडेलचं इंजिन पडलंय. उचला, बसवा, परवा नांगर चालू." दोघांनीही इंजिन उघडून पाहिलेले नसते. पहिल्याला कमिशन सुटते, दुसऱ्याला भंगार खपवायचे असते. आणि ज्याच्या सातबारावर बोजा चढणार तो आपला माणूस, चैत्रात नांगरट खोळंबली म्हणून, दाखवतील तिथे सही करून मोकळा होतो.

माझे म्हणणे साधे आहे. इंजिन उघडा, मोजा, मोजमाप कागदावर घ्या. ब्लॉक आणि क्रँक शाबूत असतील तर तेच इंजिन बांधून घ्या. ते गेले असतील तरच दुसऱ्या इंजिनाचा विचार करा. आणि नवा ट्रॅक्टर हा इंजिनाच्या दुखण्यावरचा इलाज म्हणून कधीच घेऊ नका.

धूर दिसला म्हणजे इंजिन गेले असे होत नाही. काळा धूर बहुधा हवा कमी पडते किंवा नोझल, पंप बिघडला म्हणून येतो. पांढरा धूर थंड इंजिनात कच्च्या डिझेलचा असतो. गरम झाल्यावरही राहिला तर पाणी आत जाते का ते बघावे लागते. रेडिएटरमध्ये तेल तरंगले तर आधी हेड गॅस्केट तपासतात. निळा धूर, ब्रीदरमधून भकाभका वाफ, चढावर ताकद नाही आणि दर आठवड्याला ऑइल टाकावे लागते, ही सगळी लक्षणे एकत्र आली तर मात्र रिंगा आणि लायनर झिजले समजावे. तरीही कॉम्प्रेशन मोजून घ्यायचे. नोझल आणि पंपाच्या कॅलिब्रेशनवर भागणारे दुखणे असताना फुल इंजिनचे काम काढणारे मिस्त्री आहेत.

उघडल्यावर काय मोजायचे? लायनरची झीज, क्रँकच्या जर्नलचा गोलपणा, ब्लॉकला आणि हेडला तडा आहे का. ट्रॅक्टरच्या बहुतेक इंजिनांत लायनर वेगळा असतो. जुना काढून नवा बसवता यावा म्हणूनच तो वेगळा ठेवलेला आहे. क्रँक घासून दहा, वीस, तीसचे बेअरिंग बसवतात, म्हणजे इंचाचे तितके हजारावे भाग. शेवटचा नंबर कोणता ते मॉडेलवर ठरते. आपला क्रँक आधीच शेवटच्या नंबरला गेला असेल तर तो पुन्हा घासता येणार नाही, आणि हे लेथवाला पाच मिनिटांत सांगतो. मोजमाप बिलावर लिहून घ्या. काढलेले जुने लायनर, पिस्टन, बेअरिंग पोत्यात घालून घरी आणा. ते आपल्या पैशाचे आहेत, आणि खरोखर बदलले की नुसते पुसून पुन्हा बसवले याचा दुसरा पुरावा नसतो.

एक गोष्ट मिस्त्री सहसा सांगत नाही. इंजिन खाल्ले कोणी, तर आपल्याच शेतातल्या धुळीने. काळ्या रानात कोरड्या ढेकळांवर रोटाव्हेटर मारताना आणि ज्वारीची मळणी करताना एअर क्लीनरमधले ऑइल काही दिवसांत चिखल होते. त्याच्या रबरी नळीचा क्लिप सैल असेल तर धूळ क्लीनरला वळसा घालून थेट पिस्टनवर जाते. ती नळी तशीच ठेवून नवे लायनर टाकले तर ते नव्याने खर्ची घातले एवढेच.

आता दुसरे इंजिन बसवण्याबद्दल. जीपला जसे कुठलेही इंजिन जमवतात तसे इथे जमत नाही. बहुतेक ट्रॅक्टरला वेगळी चेसी नसते. इंजिनाचा ब्लॉक हाच सांगाडा, पुढे ॲक्सल त्यालाच धरलेला आणि मागे क्लच हाउसिंग त्यालाच बोल्टने बांधलेले. म्हणून मॉडेल तेच लागते. जास्त ताकदीचे इंजिन लावण्याची हौस गिअरबॉक्स आणि मागच्या ॲक्सलच्या जिवावर येते. शिवाय भंगारातले इंजिन कोणी, किती वापरले हे आपल्याला माहीत नाही. तेही उघडावेच लागणार, म्हणजे खर्च दोनदा. इंजिन नंबर आरसी बुकावर असतो. बदललेल्या नंबराची नोंद आरटीओत करावी लागते, आणि कर्ज चालू असेल तर फायनान्सवाल्याची लेखी संमती लागते. विकणाऱ्याकडे मूळ ट्रॅक्टरचे कागद नसतील तर ते इंजिन फुकट दिले तरी घेऊ नका. रॉड तुटून ब्लॉक फुटला असेल आणि कागदासकट त्याच मॉडेलचे इंजिन मिळत असेल, तर बदलणे शहाणपणाचे. पिंजोरचा एचएमटी ट्रॅक्टरचा कारखाना बंद करण्याचा निर्णय २०१६ मध्ये झाला. अशा ट्रॅक्टरवाल्याने इंजिन खोलण्याआधी लायनर सेट आणि बेअरिंग बाजारात मिळते का ते बघावे; "पार्ट मिळत नाहीत" हे डीलरच्या तोंडून ऐकून गप्प बसू नये.

आता हिशेब. कृषी महाविद्यालयात आम्हाला ट्रॅक्टरचे भाग तोंडपाठ करायला लावले, त्याचा जमाखर्च कोणी शिकवला नाही. पुस्तकात ट्रॅक्टरचे आयुष्य १०,००० तास आणि वर्षाला १,००० तास धरतात. कापूस-ज्वारीच्या कोरडवाहू घरचा ट्रॅक्टर, भाड्याने फिरत नसेल तर, त्याच्या जवळपासही जात नाही. समजा नव्यासाठी साडेपाच लाख कर्ज काढले आणि व्याज १२ टक्के. पहिल्या वर्षाचे नुसते व्याज साधारण ६६ हजार. वर्षाला ३०० तास चालला तर तासाला २२० रुपये व्याजच, डिझेल अजून टाकलेले नाही. २०२५-२६ च्या हंगामात मध्यम धाग्याच्या कापसाचा हमीभाव ७,७१० रुपये होता. म्हणजे साडेआठ क्विंटल कापूस, तोही हमीभाव पदरात पडला तर. समजा इंजिन बांधायला ८० हजार लागले. सव्वा वर्षाचे व्याज झाले. आकडे माझे नकोत, तुमच्या कोटेशनचे घाला, गणित हेच.

आणि हे व्याज भावात मिळते का? २०१८-१९ पासून हमीभाव ए-टू अधिक घरच्या मजुरीच्या दीडपट धरतात. त्यात औजारांचा घसारा येतो. ट्रॅक्टरमध्ये अडकलेल्या भांडवलावरचे व्याज सी-टू खर्चात येते, आणि सी-टूची दीडपट सरकार देत नाही. तेव्हा नव्या ट्रॅक्टरचे व्याज आपण घरातल्या ज्वारीतून भरतो. भूविकास बँकेच्या कर्जांचा बोजा किती सातबारांवर किती वर्षे बसून होता हे आठवा; ती कर्जे माफ व्हायला २०२२ उजाडले.

सरकारचा कल कुणीकडे होता तेही पाहा. १ जुलै २०१७ पासून जीएसटीत नव्या ट्रॅक्टरवर १२ टक्के, आणि ट्रॅक्टरचे डिझेल इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर यांवर १८ टक्के. नवा घेणाऱ्याला सवलत, जुना सांभाळणाऱ्याला दंड! आठ वर्षे हे चालले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टर आणि त्याचे हे भाग ५ टक्क्यांवर आले. प्रत्येक बारीक भाग त्या यादीत नाही, म्हणून बिलावरचा टक्का वाचा आणि जुना दर लावला असेल तर तिथल्या तिथे विचारा.

पंधरा वर्षे झाली की ट्रॅक्टर भंगारात जमा होतो, ही भीतीही विक्रीसाठीच पसरवली जाते. आपल्याकडे शेतीच्या ट्रॅक्टरची नोंदणी पंधरा वर्षांनी तपासणी करून पुढे वाढवून मिळते.

घाईत सही होते ती नांगरटीच्या तोंडावर. तेव्हा इंजिन उघडायचे दिवस श्रावणातले. कपाशी उभी असते, डवरणी बैलांवर चालते, ट्रॅक्टर गोठ्यात असतो, मिस्त्री आणि लेथवाला दोघेही मोकळे असतात. गावातले चार-पाच ट्रॅक्टर एकाच वेळी दाखवायला नेले तर दर आपण ठरवू शकतो. येत्या जिल्हा बैठकीत कंपन्यांकडे करायची एक मागणी मांडायची आहे: लायनर आणि क्रँकच्या झिजेची मर्यादा मराठीत छापून प्रत्येक ट्रॅक्टरबरोबर द्यावी, जुन्या मॉडेलसाठीही. येताना आपापल्या इंजिनकामाची बिले घेऊन या. ज्या बिलांवर मोजमाप नाही तीही आणा.