तुरुंगाच्या दारात अडलेले मत

१९१९ साली बाबासाहेबांनी साउथबरो कमिटीपुढे साक्ष दिली, तेव्हा मताचा हिशेब सारा आणि कर यांवर चालत असे. ज्याच्या नावावर जमीनच होऊ दिली नाही, त्याला मत कुठून मिळणार? १९२८ साली त्यांनी सायमन कमिशनपुढे प्रौढ मताधिकार मागितला. १९३५ च्या कायद्याने मालमत्ता-शिक्षणाची अट कायमच ठेवली. ती मोडली राज्यघटनेच्या ३२६ व्या कलमाने.

कलम आले म्हणून यादीत नाव आले असे मात्र नाही. १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे वगळली गेली. कारण काय, तर त्यांनी स्वतःचे नाव न सांगता 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' एवढेच सांगितले होते! पुढे ६१ व्या घटनादुरुस्तीने वयाची अट २१ वरून १८ वर आली. इथवर दार उघडत गेले.

पण १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचे कलम ६२(५) पाहा. तुरुंगात किंवा पोलीस कोठडीत असलेल्याला मत देता येत नाही. गुन्हा सिद्ध झालेला असो वा नसो. २०२२ अखेर देशातील ५ लाख ७३ हजार कैद्यांपैकी ४ लाख ३४ हजार कच्चे कैदी होते. त्यांत दलित-आदिवासींचे प्रमाण लोकसंख्येतील वाट्यापेक्षा जास्त आहे, हे वेगळे सांगायला नको. त्याच गुन्ह्यातला पैसेवाला जामिनावर सुटतो आणि रांगेत उभा राहून मत देतो. जामीनदार न मिळालेला गरीब आतच राहतो. मग मालमत्तेची अट गेली कुठे?

१९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने हे कलम वैध ठरवले. कैद्यांच्या मतदानासाठी जादा पोलीस बंदोबस्त लागेल, हे त्यातले एक कारण. पण प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेतील माणसाला हाच कायदा टपालाने मत देऊ देतो. टपालाला कसला आला बंदोबस्त?

निवडणूक लढवायला मात्र कोठडी आड येत नाही. २०१३ च्या दुरुस्तीने तसे स्पष्टच केले. २०२४ साली अब्दुल रशीद शेख तिहार तुरुंगातून, खटला चालू असताना, बारामुल्लाचे खासदार झाले. लाखो लोकांनी त्यांना मते दिली. त्यांना स्वतःला मत देण्याचा अधिकार नव्हता.