सिस्टरला नमस्कार पुरे, आता अधिकार द्या

महालात माणूस आजारी पडला की वाटा ठरलेल्या असतात. आधी गल्लीतला खासगी दवाखाना, नाहीतर महापालिकेचे दटके रोगनिदान केंद्र. दुखणे मोठे असेल तर मेयो, बाळंतपण असेल तर डागा. भरती झालो की डॉक्टर काही मिनिटे भेटतात. उरलेला दिवस आणि सगळी रात्र आपल्याजवळ असते ती सिस्टर. सलाईन संपले, ताप चढला, बाळ दूध ओढत नाही, हे सर्वांत आधी तिला कळते. पण वॉर्डात किती माणसे हवीत, कोणते यंत्र आधी दुरुस्त करायचे, हे ठरवताना तिला विचारतो कोण? आरोग्यव्यवस्थेतला बदल इथेच अडला आहे, असे आमचे म्हणणे आहे.

नागपूरपासून सुमारे ६० किलोमीटरवरचे भंडारा आठवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयातील नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळे गेली. आग विजेच्या उपकरणातून लागली होती. पुढे कारवाई झाली, त्यात अधिकाऱ्यांसोबत कंत्राटी परिचारिकाही होत्या. त्यांची सेवाच संपवली गेली. कर्तव्यात कसूर झाली असेल तर जाब विचारलाच पाहिजे. पण वायरिंग तपासणे, आग विझवण्याची साधने बसवणे आणि रात्रपाळीला पुरेशी माणसे देणे यांतले काहीच परिचारिकेच्या हातात नसते. जबाबदारी पूर्ण, अधिकार शून्य आणि नोकरी कंत्राटी, अशा अवस्थेत ती बदल घडवणार तरी कसा?

भारतीय परिचर्या परिषदेचे मानक सांगते की वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात तीन रुग्णांमागे एक आणि साध्या रुग्णालयात पाच रुग्णांमागे एक परिचारिका असावी. मेडिकल किंवा मेयोच्या जनरल वॉर्डात ज्याने नातेवाइकासाठी एक रात्र काढली आहे, त्याने हे गणित स्वतः मांडून पाहावे.

पदे भरा म्हटले की सरकारला कंत्राट आठवते. मे २०२२ मध्ये महाराष्ट्र राज्य परिचारिका संघटना याच बाह्यस्रोत भरतीविरोधात बेमुदत संपावर गेली. ६ सप्टेंबर २०२३ ला खासगी एजन्सींमार्फत सरकारी पदे भरण्याचा शासन निर्णय निघाला. तरुणांच्या संतापानंतर २० ऑक्टोबरला तो रद्द झाल्याचे जाहीर करावे लागले. तरीही जुलै २०२५ मध्ये परिचारिकांना पुन्हा कंत्राटी भरतीविरोधातच रस्त्यावर उतरावे लागले. हा प्रश्न फक्त परिचारिकांचा नाही, तो आपला आहे. आपल्या वस्त्यांतल्या कितीतरी मुली जीएनएम आणि बी.एस्सी. नर्सिंग करतात, कारण कायम सरकारी नोकरीची आशा असते. एजन्सी आली की बिंदुनामावली जाते, आरक्षणाची हमी जाते आणि तोंड उघडले तर नोकरीही जाते.

खासगी दवाखान्यांची गोष्ट वेगळी नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१६ मध्ये दिलेल्या निर्देशांनुसार केंद्राने समिती नेमली. दोनशेहून जास्त खाटांच्या रुग्णालयांनी सरकारी परिचारिकेइतके वेतन द्यावे आणि पन्नासहून कमी खाटा असल्या तरी महिना २० हजारांच्या खाली जाऊ नये, अशी शिफारस समितीने केली. आपल्या गल्लीतल्या दवाखान्यातल्या सिस्टरला पगार किती मिळतो, हे कधी विचारून पाहा.

हे काम हलके का मानले गेले? कारण इथे रक्त, मळ, मूत्र यांना हात लावावा लागतो. जातिव्यवस्थेने ज्या गोष्टी विटाळ ठरवल्या, त्याच गोष्टींशी या सेवेचा संबंध. म्हणून काम स्त्रियांकडे ढकलले आणि मान मात्र वर ठेवला. भगवान बुद्धांनी अडीच हजार वर्षांपूर्वी याच्या उलट शिकवण दिली. अतिसाराने स्वतःच्याच घाणीत पडलेल्या भिक्खूला त्यांनी आनंदांसोबत स्वतः आंघोळ घातली आणि रुग्णाची सेवा ही आपलीच सेवा आहे, असे संघाला सांगितले. विनयात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण दिले आहेत. औषध तयार करता येणे, पथ्य-कुपथ्य कळणे, लोभाने नव्हे तर मैत्रीने सेवा करणे, मलमूत्राची किळस न बाळगणे आणि धम्माच्या शब्दांनी धीर देणे. पाहा, यात ज्ञानाला पहिले स्थान आहे. सावित्रीमाई १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातून आजारी मुलाला पाठीवर घेऊन निघाल्या, ती याच विचाराची वाट होती. तो मुलगा वाचला, १० मार्चला माई गेल्या.

१७ मार्च २०२५ ला महालात दंगल पेटली, संचारबंदी लागली. जखमींपैकी काहींवर मेयोत उपचार झाले. रस्त्यावर माणसे एकमेकांचा धर्म विचारत असताना वॉर्डात खाटेचा नंबर आणि रक्तगट विचारला जातो. अशा जागेला बळ देणे हे आपले काम आहे.

मग करायचे काय? १२ मे रोजी गुलाबाचे फूल देऊन थांबू नका. प्रत्येक सरकारी रुग्णालयाच्या रुग्ण कल्याण समितीवर परिचारिकांचा प्रतिनिधी असावा, ही मागणी निवेदनात लिहा. मंजूर पदे किती, भरलेली किती, हे माहिती अधिकारात विचारा. वॉर्डात चिडलेला नातेवाईक सिस्टरच्या अंगावर धावून गेला तर मध्ये उभे राहा. नर्सिंगला प्रवेश घेणाऱ्या बहिणींना फी भरण्याआधी महाविद्यालयाची मान्यता तपासायला सांगा, महाडीबीटीवर शिष्यवृत्तीचा अर्ज भरून द्या. विहारात एखाद्या रविवारी परिचारिका ताईंना बोलवा आणि भाषण न देता त्यांचे ऐका.

बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना कामगाराला दयेची नव्हे, कायद्याची हमी दिली. परिचारिकांनाही तीच हवी आहे. ती त्यांना मिळाली, तर वॉर्डातला शेवटच्या खाटेवरचा आपलाच माणूस वाचेल.

जय भीम!