विश्लेषण : गाठ काढली, पण आजार गेला का? पॅराथायरॉइड शस्त्रक्रियेतील दहा मिनिटांची रक्तचाचणी काय सांगते?

पुन्हा पुन्हा होणारा मूतखडा, हाडांचे दुखणे, किरकोळ धक्क्याने होणारे फ्रॅक्चर. या तक्रारींचे मूळ काही वेळा मानेतील तांदळाच्या दाण्याएवढ्या ग्रंथीत असते. बिघडलेली ग्रंथी काढून टाकणे हा त्यावरचा कायमचा उपाय. पण दोष त्या एकाच ग्रंथीत होता का? हे रुग्ण भुलेखाली असतानाच कळावे, यासाठी शस्त्रक्रियेदरम्यान पीटीएच चाचणी केली जाते.

आजार नेमका काय?

थायरॉइडच्या मागे साधारणपणे चार पॅराथायरॉइड ग्रंथी असतात. नाव सारखे असले तरी त्यांचे काम वेगळे आहे. त्यांच्यातून स्रवणारे पॅराथायरॉइड हार्मोन, म्हणजेच पीटीएच, रक्तातील कॅल्शिअमची पातळी राखते. एखादी ग्रंथी वाढून गरज नसताना पीटीएच सोडू लागली, की हाडांतील कॅल्शिअम रक्तात उतरते. हाडे ठिसूळ होतात आणि मूतखडे होऊ लागतात. पाश्चात्त्य देशांत नेहमीच्या रक्ततपासणीतच हा आजार अनेकदा लक्षात येतो. भारतात मात्र बरेच रुग्ण हाडांवर किंवा मूत्रपिंडावर परिणाम झाल्यानंतरच डॉक्टरांकडे पोहोचतात.

गाठ काढल्यावरही शंका का उरते?

सुमारे ८० ते ८५ टक्के रुग्णांत एकच ग्रंथी बिघडलेली असते. उरलेल्यांपैकी बहुतेकांत एकापेक्षा जास्त. शिवाय ग्रंथी नेहमी ठरल्या जागी असेलच असे नाही. अमेरिकेतील जहाजाचे कप्तान चार्ल्स मार्टेल यांच्यावर १९२६ ते १९३२ या काळात सात शस्त्रक्रिया झाल्या. पहिल्या सहा निष्फळ ठरल्या. सातव्या वेळी गाठ सापडली ती मानेत नव्हे, छातीत.

पूर्वी सर्जन मान उघडून चारही ग्रंथी पाहत. आता सोनोग्राफी आणि सेस्टामिबी स्कॅनवर गाठ आधीच हेरून छोट्या छेदातून ती काढता येते. पण या पद्धतीत बाकीच्या ग्रंथी नजरेस पडत नाहीत. काढलेला तुकडा लगेच सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, तर तो पॅराथायरॉइडचाच आहे एवढे कळते. आत राहिलेल्या ग्रंथी निरोगी आहेत की नाहीत, हे कळत नाही.

चाचणी कशी चालते?

पुरवठा थांबला की रक्तातील पीटीएच अवघ्या तीन ते पाच मिनिटांत निम्मे होते. कॅल्शिअम उतरायला त्यापेक्षा बराच वेळ लागतो. म्हणून शस्त्रक्रियागृहात मोजले जाते ते पीटीएच.

छेद घेण्याआधी आणि गाठ काढण्याच्या अगदी आधी रक्ताचे नमुने घेतात. गाठ निघाल्यावर दहा मिनिटांनी पुन्हा नमुना घेतात. आधीच्या दोन आकड्यांपैकी मोठ्या आकड्याच्या तुलनेत पीटीएच ५० टक्क्यांहून अधिक घसरले, तर शस्त्रक्रिया यशस्वी मानून टाके घातले जातात. मायामी विद्यापीठातील सर्जन जॉर्ज आयर्विन यांच्या कामातून पुढे आलेला हा ‘मायामी निकष’.

उदाहरणार्थ, छेदाआधी पीटीएच २४० आणि गाठ काढण्याआधी ३०० पिकोग्रॅम प्रति मिलिलिटर होते. दहा मिनिटांनी ते ९० झाले, तर घट ७० टक्के. म्हणजे काम झाले. तेच २१० वर अडकले, तर घट फक्त ३० टक्के. अशा वेळी सर्जन पुन्हा नमुना घेतात किंवा दुसऱ्या ग्रंथीचा शोध सुरू करतात.

चाचणी चुकू शकते का?

हो. गाठ हाताळताना पीटीएच अचानक उसळू शकते. म्हणूनच एकाऐवजी दोन सुरुवातीचे नमुने घेतले जातात. मूत्रपिंड कमजोर असेल तर पातळी हळू उतरते. अनेक ग्रंथी बिघडलेल्या असतील, तर मोठी घट दिसूनही एखादी सदोष ग्रंथी आत राहू शकते. केस-नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या बायोटिनच्या गोळ्यांमुळे काही यंत्रांवर पीटीएच प्रत्यक्षापेक्षा कमी दिसते. अशा गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरांना आधीच सांगायला हवे.

रुग्णाने काय विचारावे?

शस्त्रक्रिया सुरू असताना अहवाल मिळण्यासाठी जलद चाचणीचे यंत्र हाताशी लागते. त्याचा खर्च असतो आणि प्रत्येक रुग्णालयात ही सोय नसते. सोय नाही म्हणजे उपचार कमी दर्जाचे, असे मात्र नाही. अनुभवी सर्जनने चारही ग्रंथी तपासल्या, तरी यशाचे प्रमाण उत्तम असते. खरी जोखीम आहे ती छोट्या छेदातून एकच गाठ काढून, कोणतीही खातरजमा न करता मान बंद करण्यात. त्यामुळे ‘बाकीच्या ग्रंथी ठीक आहेत, हे तुम्ही कसे तपासणार?’ हा प्रश्न शस्त्रक्रियेआधीच विचारावा.

आणि चाचणी चांगली आली म्हणून पाठपुरावा सोडू नये. शस्त्रक्रियेनंतर सहा महिन्यांनीही रक्तातील कॅल्शिअम सामान्य असेल, तरच रुग्ण बरा झाला असे वैद्यकीय व्याख्या सांगते.