चूक सांगायची सोय

सुरुवातीलाच सांगते, मी कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली. परीक्षेशिवाय मराठीत लिहायची ही पहिलीच वेळ, तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाचं सांभाळून घ्या.

मला विमानांचं भारी वेड. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत चक्क गच्चीवर विमान बांधल्याचं शाळेत असताना वाचलं, तेव्हापासूनचं. कॉलेजात आल्याआल्या एरोमॉडेलिंग क्लबमध्ये नाव घातलं आणि जगभरच्या हौशी विमानवाल्यांबद्दल मिळेल ते वाचायला लागले.

त्यात एक गोष्ट वाचून मी उडालेच. अमेरिकेत एका माणसाचं छोटं अल्ट्रालाइट विमान उडवायला पायलटचं लायसन्स लागत नाही! विमानाची नोंदणीही नाही. १९८२ साली आलेल्या ‘पार्ट १०३’ या नियमाने ही मोकळीक दिली. अटी मोजक्याच. इंजिनवालं विमान असेल तर रिकाम्याचं वजन २५४ पौंडांच्या, म्हणजे साधारण ११५ किलोंच्या आत. इंधन पाच गॅलन, जेमतेम १९ लिटर. वेग ताशी शंभरेक किलोमीटर. दिवसाउजेडी उडायचं, दाट वस्तीवरून आणि माणसांच्या गर्दीवरून जायचं नाही. बाकी तुमचं तुम्ही सांभाळा.

पण एकाच सीटच्या विमानात शिकवणारा बसणार कुठे? म्हणून फक्त शिकवण्यासाठी दोन सीटच्या विमानांना खास सूट मिळाली. झालं! काही जणांनी शिकवण्याच्या नावाखाली मित्रांना फिरवायला सुरुवात केली. बोट दिलं तर हात धरला. शेवटी २००४ साली ‘स्पोर्ट पायलट’चे नवे नियम आले आणि २००८ मध्ये ती सूट बंद झाली. मोकळीक आपण जपली नाही तर ती जाते, एवढं यातून कळतं.

जपतात कशी, तेही बघण्यासारखं आहे. १९५३ साली पॉल पोबेरेझ्नी यांनी मिलवॉकीत घरी विमानं बांधणाऱ्यांची एक संघटना काढली, एक्सपेरिमेंटल एअरक्राफ्ट असोसिएशन. तिचे जाणते सभासद नवख्याच्या गॅरेजमध्ये जाऊन त्याचं अर्धवट विमान तपासून देतात, तेही फुकट. दर उन्हाळ्यात ऑशकॉश गावी त्यांची जत्रा भरते. हजारो विमानं येतात. पायलट रेल्वेच्या रुळांवरून एकामागोमाग एक, वारीतल्या दिंडीसारखे येतात. रेडिओवर कोणी बडबड करायची नाही. खालून कंट्रोलर विमानाचा रंग बघून हाक मारतो आणि पायलट नुसते पंख हलवून ‘ऐकलं’ म्हणतो. शिस्त लादलेली वाटत नाही, कारण ती कशासाठी आहे हे प्रत्येकाला माहीत असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. १ डिसेंबर १९७४ रोजी टीडब्ल्यूए कंपनीचं एक प्रवासी विमान वॉशिंग्टनजवळ डोंगरावर आदळलं. ९२ जण गेले. चौकशीत कळलं, की सहा आठवड्यांपूर्वी दुसऱ्या एका कंपनीचं विमान अगदी त्याच गैरसमजातून त्याच भागात थोडक्यात वाचलं होतं. त्या कंपनीने आपल्या पायलटना सावध केलं. बाकीच्यांपर्यंत ते पोचलंच नाही.

यानंतर १९७६ मध्ये एक योजना सुरू झाली. चूक झाली की पायलटने गुपचूप कळवायची. पत्र जातं नासाकडे, शिक्षा करणाऱ्या खात्याकडे नाही. नावगाव काढून टाकतात आणि धडा सगळ्यांना वाटतात. दहा दिवसांत कळवलं आणि चूक मुद्दाम केलेली नसेल, गुन्हा किंवा अपघात नसेल, तर सहसा दंड होत नाही, लायसन्सवर गदा येत नाही. हौशी पायलटही या योजनेत लिहितात.

हे वाचून मी गप्प बसले. कारण माझंही एक पत्र पाठवायचं राहिलं होतं.

गेल्या सेमिस्टरमध्ये मी क्लबच्या चार्जरवर मॉडेलची लिथियम बॅटरी खोलीत चार्ज करत होते. हॉस्टेलमध्ये याला बंदी आहे, दंड पाचशे रुपये. बॅटरी पापडासारखी फुगली. मी प्लग ओढला, बॅटरी गॅलरीत वाळूच्या कुंडीत टाकली. आणि चार्जर? तो पुसून क्लबच्या कपाटात परत ठेवला. दंडाच्या भीतीने कोणाला काही बोलले नाही.

तीन आठवड्यांनी फर्स्ट इयरच्या एका मुलीने तोच चार्जर नेला. रात्री गादी पेटली, तिचा हात भाजला. नशीब, मैत्रीण जागी होती. दुसऱ्या दिवशी नोटीस लागली: दंड आता हजार रुपये.

रेक्टर मॅडम, तुमचा राग मला कळतो. पण मी पाचशेला घाबरून गप्प बसले. हजाराला पुढची मुलगी आणखी गप्प बसेल!

म्हणून दोन गोष्टी सुचवते. एक, वर्कशॉपमध्ये वाळूची बादली ठेवलेली चार्जिंगची जागा द्या, म्हणजे बंदी पाळणं सोपं होईल. दोन, मेसच्या दाराशी एक पेटी ठेवा. नकळत झालेली चूक, थोडक्यात टळलेला धोका दहा दिवसांत लिहून टाकला तर दंड नाही. पेटी क्लबच्या सरांनी उघडावी आणि नाव न लिहिता बोर्डावर लावावं.

कोणी म्हणेल, मग काय, मुली काहीही करतील आणि चिठ्ठी टाकून मोकळ्या होतील. नाही. मुद्दाम नियम मोडला तर माफी नाही, तिथेही नाही. आणि आपण पेटीचा खेळ केला, तर दोन सीटच्या विमानांचं झालं तेच आपल्या पेटीचं होईल.

त्या मुलीला मी सगळं सांगितलं आहे. ती एवढंच म्हणाली, “ताई, आधी सांगायचं ना.” माझा दंड मी ऑफिसात भरते आहे. पेटी लागली, तर पहिली चिठ्ठी माझी. नावासकट.