शिक्षणपरिषद आणि शाळाभेट

शिक्षकांची परिषद म्हटली कीं स्वागत, भाषणें, ठराव आणि आभार हा क्रम ठरलेलाच. त्यांतील निदान एक दिवस चालू शाळेंत काढावा, असें आमचें आग्रहाचें सांगणें आहे. पेढीवर बसल्यावांचून पेढी कळत नाहीं, हें आमच्या व्यापारी वाचकांस सांगावयास नको. सातारा जिल्ह्यांतील कुमठे बीटाच्या जिल्हा परिषद शाळा पाहावयास सन २०१५ च्या सुमारास महाराष्ट्रभरचे शिक्षक लोटले. फरशीवर आंखलेल्या आकृत्यांभोंवतीं बसून, मणी व काड्या मोजीत मुलें आपण होऊन शिकतात, हें त्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें. व्याख्यानांनीं तें झालें नसतें. परंतु कित्येकांनीं छायाचित्रें घेतलीं आणि गांवीं परतून फरशी तेवढी रंगविली! हा दोष धांवत्या भेटीचा. पाहुण्यांनीं सबंध तास मुकाट्यानें मागें बसावें, चुकलेल्या मुलास शिक्षक काय विचारतो तें टिपावें, आणि मग त्याच शिक्षकाशीं खल करावा. त्या दिवशीं हारतुरे नकोत, निवडक मुलांची कवाईतही नको. राहतां राहिला पाहुण्यांच्या मागें पडलेल्या वर्गांचा प्रश्न. बदली शिक्षक न देतां त्यांस धाडणें म्हणजे गुरुजींच्या शिक्षणाचा खर्च त्यांच्याच मुलांकडून वसूल करणें होय. ही तजवीज शिक्षणखात्यानें परिषदेचा मंडप उभारण्याआधीं करावी.