मुख्य कार्यालय लंडन?

1983 सालच्या दिवाळीत माझा मेहुणा बोटीवरून सुट्टीला आला. येताना त्यानं जेनोआ बंदरातल्या जुन्या बाजारातून माझ्यासाठी एक ग्रामोफोन तबकडी उचलून आणली होती. तबकडीचं वेष्टण चौकोनी नव्हतं. लहानपणी आपण पैसे साठवायचो तो मातीचा गल्ला असतो ना, त्या आकारात जाड पुठ्ठा कापलेला होता आणि वर नाणं टाकायची फट होती. ‘दाजी, बँकेचीच दिसली म्हणून घेतली,’ तो म्हणाला. बँडचं नाव होतं ‘बांको देल मुतुओ सोक्कोर्सो’. बांको म्हणजे बँक एवढं मलाही कळलं. बाकीचं त्यानं बंदरावरच्या मोडक्यातोडक्या इटालियनमध्ये उलगडून सांगितलं. मुतुओ सोक्कोर्सो म्हणजे एकमेकांना साहाय्य. थोडक्यात सांगायचं तर परस्पर साहाय्य सहकारी पतपेढी, मर्यादित!

मी तेव्हा सांगलीकडच्या एका शाखेत अधिकारी होतो. बँकांचं वर्ष त्या काळी डिसेंबरअखेर संपे, त्यामुळे दिवाळी झाली की आम्हाला ताळेबंदाची स्वप्नं पडू लागत. रात्री नऊ-साडेनऊला घरी यायचं, जेवायचं आणि एचएमव्हीच्या फिएस्टावर ही पतपेढी लावायची, असा क्रम दोन महिने चालला. एका बाजूला नोचेन्झी आडनावाचे दोन भाऊ, एक पियानोवर आणि एक ऑर्गनवर. त्यांच्यावर फ्रान्चेस्को दी जाकोमो नावाच्या धिप्पाड, दाढीवाल्या गृहस्थाचा आवाज. तो रॉकच्या गायकाचा नव्हताच, ऑपेराच्या तालमीत वाढल्यासारखा मोकळा आणि भरदार होता. एक गाणं तर अठरा मिनिटांचं. ‘अहो, हे संपतं की व्याज लागतंय त्याला?’ असं सौ.नं विचारलं, तेव्हा माझ्याकडे उत्तर नव्हतं.

इटालियनचा एक शब्द मला येत नव्हता आणि आजही येत नाही. तरीही कॉलेजात ऐकलेल्या इंग्रजी बँडांपेक्षा हे मला जवळचं का वाटलं, हा प्रश्न चाळीस वर्षं मनात आहे. आजचा लेख त्या प्रश्नाबद्दलच आहे.

ज्यांचा या संगीताशी संबंध आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. प्रोग्रेसिव्ह रॉक (इथं प्रोग्रेसिव्हचा अर्थ पुरोगामी असा घेऊ नये, त्यातले बरेच जण राजकारणापासून चार हात दूरच होते) हा प्रकार इंग्लंडात 1969 च्या सुमारास आकाराला आला. किंग क्रिमसन या बँडची पहिली तबकडी त्या वर्षीच्या ऑक्टोबरात आली. तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडायची, ताल मध्येच बदलायचे, पाश्चात्त्य अभिजात संगीत आणि जॅझमधून हवं ते घ्यायचं, असा तो बेत होता. 1972 साली येस या बँडनं एका अख्ख्या बाजूवर एकच गाणं ठेवलं. त्याच वर्षी जेथ्रो टलनं दोन्ही बाजूंना मिळून एकच गाणं केलं. मग 1976-77 मध्ये पंक आलं. त्यांनी या मंडळींना फुगलेले, अहंमन्य आणि कंटाळवाणे ठरवलं, इंग्रजी वृत्तपत्रांनी त्यांची री ओढली आणि खातं बंद झालं.

इंग्रजीत लिहिलेला इतिहास साधारण असा आहे. त्यात इटली, फ्रान्स, जर्मनी, चिली, तुर्कस्तान येतात ते शेवटच्या प्रकरणात, ‘इतर देश’ म्हणून. मी आयुष्यभर बँकेत काम केलं, त्यामुळे ही मांडणी मला चांगली ओळखीची आहे. मुख्य कार्यालय लंडनला, बाकीच्या शाखा. धोरण वरून येणार, शाखेनं राबवायचं, आणि मुख्य कार्यालयानं योजना गुंडाळली की शाखेतही ती संपली. पण शाखेत बसलेल्या माणसाला ठाऊक असतं की ठेवी गावातल्या असतात. मुख्य कार्यालयातून येतात ती परिपत्रकं.

इटलीचंच पाहा. व्हॅन डर ग्राफ जनरेटर या इंग्रज बँडची 1971 सालची तबकडी इंग्लंडच्या खपाच्या यादीतसुद्धा लागली नाही, इटलीत मात्र ती पहिल्या क्रमांकावर गेली. जेनेसिसलाही घरच्यापेक्षा मोठं यश आधी इटलीत मिळालं. म्हणजे ज्याला शाखा म्हणायचं, तिथं कान आधीच तयार होते. का तयार होते? ज्या देशात व्हेर्दीची गाणी न्हाव्याच्या दुकानात गुणगुणली जातात, तिथं लांबलचक रचनेचं आणि भावनेच्या चढउताराचं कोणाला नवल वाटणार? आपल्याकडे नाट्यपदावर तीन-तीन वन्समोअर घेऊन पहाट करणाऱ्या प्रेक्षकाला अठरा मिनिटांचं गाणं लांब वाटलं असतं का?

मिलानचा ‘प्रेमियाता फोर्नेरिया मार्कोनी’ हा या मंडळींतला सर्वांत नावाजलेला बँड. नावाचा अर्थ बक्षीसपात्र मार्कोनी बेकरी. ब्रेशाजवळच्या एका गावातल्या खऱ्या बेकरीवरून ते घेतलेलं. (पतपेढी, बेकरी! लंडनवाल्यांनी राजदरबार आणि परीकथांची नावं घ्यावीत आणि यांनी बाजारपेठेतल्या दुकानांच्या पाट्या, हे मला फार आवडतं.) 1972 मध्ये त्यांच्या दोन तबकड्या निघाल्या, दोन्ही इटालियनमध्ये. इंग्लंडच्या एमर्सन, लेक अँड पामर या बड्या बँडच्या कंपनीनं त्यांना करारबद्ध केलं. किंग क्रिमसनची गाणी लिहिणारे पीट सिनफील्ड यांनी त्याच चालींवर इंग्रजी शब्द लिहून दिले आणि 1973 मध्ये जगासाठी वेगळी तबकडी आली. अमेरिकेच्या यादीत, तळाशी का होईना, ती पोचली. पोरांनी अमेरिकेचे दौरे केले. हे काही थोडं यश नाही.

पण दोन्ही तबकड्या एकापाठोपाठ एक ऐकाव्यात. वादन तेच आणि तितकंच चोख आहे. गाणारा मात्र इंग्रजीत आला की परीक्षेला बसल्यासारखा होतो. इटालियन शब्दाचा शेवट बहुतेक स्वरात होतो, त्यामुळे आवाजाला उतरायला पायरी मिळते. इंग्रजी शब्द व्यंजनावर धाडकन थांबतो. त्या चाली स्वरान्त शब्दांच्या अंगाबेतानं शिवलेल्या होत्या.

हे मी इतक्या खात्रीनं सांगतो, कारण तो कोट मीही घालून पाहिला आहे. 1998 मध्ये माझी एक कादंबरी इंग्रजीत यायची होती. भाषांतर मीच केलं, कारण बँकेत इंग्रजी पत्रव्यवहार उत्तम म्हणून माझं नाव होतं. प्रकाशकांनी सुचवलं की पिग्मी एजंटच्या तोंडची सांगलीकडची बोली परदेशी वाचकाला समजणार नाही, ती सरळ करा. केली. बाजार समितीतल्या लिलावाचं प्रकरण लांबतंय म्हणाले. निम्मं केलं. पुस्तक देखणं निघालं. छापून आल्यावर मी ते वाचायला घेतलं आणि चाळिसाव्या पानावर मिटलं. ते मुख्य कार्यालयाला पाठवलेल्या तिमाही अहवालासारखं झालं होतं. सगळे रकाने भरलेले, चूक कुठंही नाही, आणि शाखेत तो तिमाहीभर काय घडलं याचा वासही नाही. दोष प्रकाशकांचा नव्हता, सही माझी होती.

असो. मूळ मुद्द्याकडे येतो.

इंग्रजी इतिहासात 1976 हे या संगीताच्या मरणाचं साल. लंडनमध्ये लांब केस आणि लांब गाण्यांची टिंगल सुरू झाली ती तेव्हा. त्याच साली इतरत्र काय चाललं होतं? जूनमध्ये मिलानच्या पार्को लाम्ब्रो बागेत तरुणांचा मोठा संगीतमेळावा भरला आणि लुटालुटीत संपला. ‘संगीत फुकट हवं’ म्हणणारी पोरं आणि पोलीस यांच्यातल्या मारामाऱ्यांमुळे इटलीत मैफल भरवणंच अवघड झालं होतं. तिथं हे संगीत रस्त्यावरच्या राजकारणात सापडलं, पंकनं ते मारलं नाही. अर्जेंटिनात मार्चमध्ये लष्करानं सत्ता घेतली होती. आपल्याकडे आणीबाणी होती आणि मी पुण्यात बी.कॉम. करत होतो.

आणि सप्टेंबरात प्राग शहरात एक खटला चालला. आरोपी होते ‘प्लास्टिक पीपल ऑफ द युनिव्हर्स’ या बँडच्या वर्तुळातले लोक. हा बँड 1968 मध्ये, सोव्हिएत रणगाडे प्रागमध्ये शिरल्यानंतर महिनाभरात सुरू झाला. नाव अमेरिकेच्या फ्रँक झप्पाच्या एका गाण्यावरून घेतलेलं. काटेकोर अर्थानं त्यांना प्रोग्रेसिव्ह रॉक म्हणायला काही जण नाखूश असतात. सॅक्सोफोन आणि व्हायोलिनचं त्यांचं खरखरीत, अडखळतं संगीत येससारखं चकचकीत नव्हतंच. 1970 मध्ये सरकारनं त्यांचा व्यावसायिक परवाना काढून घेतला, म्हणून ते खेड्यांतल्या लग्नांच्या नावाखाली वाजवू लागले. खटल्यात त्यांचे कलादिग्दर्शक इव्हान यिरोऊस यांना दीड वर्षाची शिक्षा झाली, सॅक्सोफोनवादक व्रातिस्लाव्ह ब्राबेनेत्स आणि आणखी दोन गायक हेही तुरुंगात गेले. नाटककार व्हात्स्लाव हावेल त्या कोर्टात बसून होते. पुढच्या जानेवारीत ‘चार्टर 77’ ही मानवी हक्कांची सनद निघाली, तिच्यामागे या खटल्याची चीड होती. बारा वर्षांनी, 1989 च्या डिसेंबरात, हावेल देशाचे राष्ट्राध्यक्ष झाले. लंडनमध्ये जे कंटाळवाणं ठरलं, त्याला प्रागमध्ये शिक्षा होत होती. मग ते मेलं असं कोणी आणि कुठून ठरवायचं?

चिलीच्या ‘लोस हाइव्हास’ची गोष्ट आणखी निराळी. व्हिन्या देल मार गावातली ही मुलं, त्यांतले तीन सख्खे भाऊ. 1973 च्या सप्टेंबरात पिनोशेनं सत्ता बळकावली आणि ती अर्जेंटिनात गेली. तिथंही लष्कर आल्यावर 1977 मध्ये फ्रान्सला, सगळी बिऱ्हाडं एकत्र घेऊन. परदेशात बसून त्यांनी पाब्लो नेरुदांची माचू पिच्चूवरची दीर्घ कविता संगीतात बांधली. 1981 साली ती तबकडी आली आणि पेरूमधल्या त्या इंका अवशेषांत, डोंगरमाथ्यावर पियानो नेऊन त्यांनी ती दूरचित्रवाणीसाठी वाजवली. निवेदन मारिओ व्हार्गास ल्योसा यांचं. मुलीनं मला अलीकडे ते चित्रीकरण फोनवर लावून दिलं. एकीकडे सिंथेसायझर आणि ड्रम, दुसरीकडे चरांगो, बांबूच्या बासऱ्या आणि मापुचे लोकांचं लांबलचक शिंग. ही वाद्यं चवीला घातलेली नाहीत. चाल त्यांच्यातून निघते आणि सिंथेसायझर मागून येतो. प्रेक्षकांत कोणी नाही, नुसते दगड आणि ढग. मी ते तीन वेळा पाहिलं. तिसऱ्यांदा सौ.सुद्धा येऊन बसल्या आणि व्याजाबद्दल काही म्हणाल्या नाहीत.

तुर्कस्तानात जेम काराजा आणि बारिश मांचो यांनी अनातोलियाची लोकगीतं इलेक्ट्रिक गिटारवर चढवली. काराजांना 1979 मध्ये जर्मनीत जावं लागलं, 1983 मध्ये त्यांचं नागरिकत्व काढून घेण्यात आलं आणि 1987 मध्ये ते परतू शकले. फ्रान्सच्या ‘माग्मा’चे ख्रिस्तियाँ व्हांदेर यांनी तर कमालच केली. इंग्रजी नको आणि फ्रेंच पुरत नाही म्हणून त्यांनी कोबायन नावाची नवीच भाषा रचली आणि तिच्यात गायले. हे जरा जास्त झालं असं मला वाटतं, पण त्यामागची अडचण मला कळते.

माझ्याविरुद्धचा पुरावाही मांडायला हवा. किंग क्रिमसन नसता तर यांतले कित्येक जण लग्नांच्या वराती आणि हॉटेलं सांभाळत राहिले असते. स्पॅनिश ही काही लहान भाषा नव्हे, चिलीच्या गायकाला मेक्सिकोपर्यंत श्रोता आहे. अर्जेंटिनात 1982 च्या माल्विनास युद्धात लष्करशहांनी रेडिओवरची इंग्रजी गाणी दूर सारली आणि त्यामुळे स्पॅनिश रॉकला बळ मिळालं, ही घटना तर स्वभाषेच्या कैवाऱ्यांना अडचणीचीच. दडपशाहीनं स्वभाषेचं भलं केलं म्हणून तिचे आभार कोण मानणार? आणि आपल्याकडे काय होतं? 1970 आणि 1971 साली ‘सिमला बीट’ स्पर्धेच्या तबकड्या निघाल्या, देशभरातली पोरं त्यांत होती आणि गाणी इंग्रजीत होती. ती वाईट नव्हती. ती ऐकताना मला फक्त माझी कादंबरी आठवते, त्याला माझा इलाज नाही.

प्रागच्या त्या बँडबद्दल एक सांगायचं राहिलं. सुरुवातीला तेही इंग्रजीतच गात. त्यासाठी त्यांनी पॉल विल्सन नावाचा एक तरुण कॅनेडियन इंग्रजी शिक्षक गाठला होता. तो शब्द शिकवी आणि 1970 ते 1972 या काळात मुख्य गायकही तोच होता. चेकमध्ये गा, असा आग्रह या इंग्रजी बोलणाऱ्या माणसानंच धरला. तो बाजूला झाला आणि बँड एगोन बोन्दी या बंदी असलेल्या कवीच्या चेक कवितांकडे वळला. त्यांची जगभर गेलेली तबकडी ती, 1978 मध्ये पॅरिसहून निघालेली. 1977 मध्ये सरकारनं विल्सनला देशाबाहेर काढलं. कॅनडात परतल्यावर त्यानं भाषांतराचं काम हाती घेतलं आणि हावेल यांचं लेखन इंग्रजीत आणलं. कादंबरी मी पुन्हा स्वतः भाषांतरित करणार नाही. एक तरुण मुलगी सध्या ती मुळातून वाचते आहे, आणि पिग्मी एजंटच्या बोलीबद्दल तिचे आतापर्यंत सतरा प्रश्न आले आहेत.